मागचा आरसा

माणसाला स्वतःचं तोंड दिवसातून दहा वेळा दिसतं, पण डोक्याची मागची बाजू जन्मात दिसत नाही. ती दिसते फक्त न्हाव्याला. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याच्या बसस्टँडसमोर मी चाळीस वर्षं कटिंगचं दुकान चालवलं आणि ही गोष्ट मला पहिल्या महिन्यातच कळली होती. खुर्चीत बसलेला माणूस सरपंच असो की हमाल, मागून सगळे सारखेच. कोणाची लहानपणी झाडावरून पडल्याची खूण, कोणाची सुपारीएवढी गाठ, कोणाच्या उवा, हे सगळं माझ्याकडे जमा होत गेलं. माझं नाव केशव. न्हाव्याचं नाव केशव यावर जे विनोद होऊ शकतात ते सगळे करून झाले आहेत, तेव्हा वाचकांनी नवीन काही पाठवण्याची तसदी घेऊ नये.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमती भरपूर आहेत. जंगल खात्यातून रिटायर झालेला एक गार्ड दोन्ही मिशा दोऱ्यानं मोजून घ्यायचा आणि एक सूत फरक निघाला की पुन्हा खुर्चीत बसायचा. शेवटी मिशा राहिल्याच नाहीत, तेव्हा समाधानानं घरी गेला. दुसरा एक जण खुर्चीत झोपायचा आणि झोपेत बायकोशी भांडायचा. आम्ही सगळे वस्तरा, पेपर बाजूला ठेवून ऐकायचो. पण अशा गमती सांगत बसलो तर मला जे सांगायचं आहे ते राहून जाईल. मला एका शब्दाबद्दल सांगायचं आहे. तो मी भर दुकानात बोललो आणि एका चांगल्या माणसाच्या चुलीतली आग विझवली.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. माझ्या वडिलांनी वस्तरा हातात देताना तीच आधी शिकवली होती. ते म्हणाले होते, "डोक्यावर काही दिसलं त त्याच्या कानात सांगजो. दुकानात नोको सांगू." कारण दुकानात एक बाकडं असतं, बाकड्यावर पाच जण असतात, पेपर एकच असतो, म्हणून चार जणांचे कान मोकळे असतात. दुसरी शिस्त आरशाची. कटिंग झाली की हातातला छोटा आरसा गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा. समोरच्या मोठ्या आरशात त्याला स्वतःचं मागचं डोकं दिसतं. तो मान हलवून "हाव, बरोबर" म्हणतो आणि उठतो. खरं म्हणजे त्याला त्यातलं काहीच कळत नाही. पण आपल्या पाठीमागे या माणसानं काही लबाडी केली नाही, एवढी खात्री त्याला होते.

या दोन्ही शिस्ती मी एकाच गिऱ्हाइकाच्या बाबतीत मोडल्या.

त्याचं नाव सुखराम. आमच्या गावचा आचारी आणि माझा शाळेतला सोबती. लग्न असो, बारसं असो की तेरवी, आजूबाजूच्या दहा गावांत मोठी पंगत म्हटली की सुखराम. पाचशे माणसांची आलू-वांग्याची भाजी तो चुलीवर चढवायचा आणि मीठ नुसतं नजरेनं टाकायचा. चव कधी घेत नसे. कोणी विचारलं तर म्हणे, "मी उष्टं करू का तुमचं जेवन?" स्वच्छतेचा एवढा कडक की हाताखालच्या बायकांच्या नखांत माती दिसली तर कणकेजवळ येऊ देत नसे. माणूस गरम डोक्याचा होता, पण पंगत उठेपर्यंत स्वतः घास घेत नसे.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. बारा-तेरा वर्षं झाली असतील. सुखराम कटिंगला आला. मागून मशीन फिरवताना, डोक्याच्या मधोमध, टाळूच्या चार बोटं खाली, मला तो गोल दिसला. रुपयाएवढा. एक केस नाही. कातडी इतकी गुळगुळीत की बोट घसरावं.

याला पुस्तकात चाई म्हणतात हे मला पुढे कळलं. गोंदियात गेलात तर हिंदीत बालचर म्हणतील. आमच्या गावात मात्र त्याला सरळ 'कीड लागली' म्हणतात. केस खाणारा बारीक किडा असतो, तो गोल गोल फिरत केस कुरतडतो, अशी पक्की समजूत. आणि एकदा कीड म्हटली की ती मारायचीच. कोणी लसूण घासतं, कोणी कांदा, आणि त्यानं नाही भागलं तर बिब्बा. बिब्ब्याचं काळं तेल आमच्याकडे टाचेच्या भेगांना लावतात, पायात काटा मोडला तर लावतात. ते तेल कातडीवर उतलं तर भाजल्यासारखे फोड येतात. पण भाजल्याशिवाय कीड मरणार कशी, असा आमचा हिशेब. माझ्या आरशाखालच्या खणात फणी, फिटकरी आणि बिब्बे कायम असायचे. कीड काढणारा न्हावी म्हणून आसपासच्या गावांत माझं नाव होतं आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी बाकड्यावर पाच जण होते. गुरुजी पेपर वाचत होते. हे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. आपलं ज्ञान दाखवायची मला खुमखुमी आली.

"अगा सुखराम," मी मोठ्यानं म्हणालो, "तुले त कीड लागली."

सुखराम समोरच्या आरशात माझ्याकडे बघत राहिला. "कुठी?"

"मांगं. रुपयाएवढी खाल्ली. बरं झालं माझ्याकडं आला. आठ दिवसात मारून टाकतो."

बाकड्यावरच्या एकानं आपल्या गळ्यातला माझ्या दुकानाचा टॉवेल काढला आणि दोन बोटांनी धरून बाजूला ठेवला. मी ते पाहिलं. पाहूनही मला काही वाटलं नाही. उलट सगळ्यांसमोर मी खण उघडला, बिब्बा गरम केला, सुईनं टोचला आणि ते काळं तेल त्या गोलावर चांगलं चोळलं. सुखरामनं दात दाबून धरले. चुलीपाशी आयुष्य काढलेला माणूस, भाजल्याचं त्याला काय.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा त्या जागी फोड फुटून जखम झाली होती. कानाच्या वर दोन नवे गोल पडले होते. मी म्हणालो, कीड पळाली, जागा बदलली. इतका मूर्खपणा मी आत्मविश्वासानं बोललो की सुखरामलाही पटला. नव्या दोन जागांवर मी बिब्बा लावणार होतो, पण त्याची पहिली जखम वाहत होती म्हणून पुढच्या आठवड्यावर ठेवलं. ते माझ्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम. तेही चुकून झालं.

तोवर शब्द गावात फिरला होता. दुकानातून निघाला तेव्हा तो 'कीड लागली' होता. विहिरीपर्यंत पोचला तेव्हा 'किडे पडले' झाला. पलीकडच्या गावात गेला तेव्हा 'सुखरामच्या डोक्यातले किडे भाजीत पडतात' असा झाला. गणपतीच्या महाप्रसादाला दरवर्षी सुखराम असायचा. मंडळवाल्यांनी या वर्षी कामठ्याचा आचारी सांगितला. एका घरची तेरवी ठरलेली होती. त्यांचा माणूस येऊन म्हणाला, "काका, या वेळी तुम्ही आराम करा." आराम म्हणजे काय ते सुखरामला कळलं. तो डोक्याला दुपट्टा बांधून घराच्या ओट्यावर बसू लागला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात, आणि मंडईतच पुढच्या लग्नसराईचे आचारी सांगून ठेवतात. तोपर्यंत हा शब्द पुसला गेला नसता तर त्या वर्षी त्याला एकही लग्न मिळालं नसतं. आणि ज्याला एक वर्ष कोणी बोलावत नाही त्याला दुसऱ्या वर्षी कोणी आठवत नाही.

एक दिवस भर दुपारी शेवंताबाई, सुखरामची बायको, दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. बाया कटिंगच्या दुकानात येत नाहीत. बाकड्यावरचा पेपर खाली आला. खुर्चीतल्या माणसाचा अर्धा गाल साबणाचा होता, तोही तसाच थांबला.

"केशवभाऊ," ती म्हणाली, "मले कीड दाखवा."

"कोनती कीड, वहिनी?"

"तुम्ही म्हनले ना, माझ्या मालकाच्या डोक्यात कीड आहे? मी रोज पाहून राहिली. उनात बसवून पाहतो, फणीनं पाहतो, पांढऱ्या लुगड्यावर केस झाडून पाहतो. उवा त दिसतात ना मानसाले? मंग ही काऊन दिसत नाही? तुमच्या दुकानात येवढे कीडवाले आले. एक त काढून दाखवा. मी डब्बीत भरून गावाले दाखवतो."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात एकही कीड पाहिलेली नाही. तीस वर्षं मी जी मारत होतो ती मला एकदाही दिसली नव्हती. वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, आणि मी बिब्बा चोळत राहिलो. त्या बाईनं जे साधं पाहिलं ते मी कधी पाहिलं नाही. मला लाज वाटली, आणि ती तिथेच, पाच माणसांसमोर वाटली, हे योग्यच झालं.

"उद्या गोंदियाले जाऊ," मी म्हणालो. "मी नेतो त्याले."

गोंदियातल्या चामडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अर्ध्या हिंदीत बोलत. त्यांनी सुखरामचा दुपट्टा काढला, भिंग घेऊन पाहिलं, कडेचे दोन केस चिमटीनं उपटले. ते आखूड तुटलेले केस मलाही दाखवले. वर जाड आणि मुळाशी बारीक. मग त्यांनी त्याची नखं पाहिली. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. इतकी वर्षं मी माणसांचे हात पाहत होतो, पण डोक्याच्या आजाराची खूण नखात असते हे मला ठाऊक नव्हतं. मग त्या मागे गेल्या आणि थांबल्या.

"ये जलाया किसने?"

मी खाली पाहिलं. सुखराम म्हणाला, "मीच लावला बिबा, बाई. घरी."

बाई त्याला रागावल्या. तो ऐकून घेत राहिला. गरम डोक्याचा माणूस, एरवी कोणाचा शब्द सहन न करणारा, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या वाटणीच्या शिव्या त्याला खाताना पाहत होतो. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. कीड नाही, काही नाही. आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते. ती कधी कधी चुकते आणि आपल्याच केसांच्या मुळांना शत्रू समजते. मुळं मरत नाहीत, निपचित पडून राहतात. का चुकते, ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. कोणाच्या घराण्यात असतं, कोणाला त्याबरोबर थायरॉईडचा त्रास असतो, म्हणून रक्त तपासायचं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. टॉवेलानं नाही, फणीनं नाही, शेजारी बसून नाही, आणि भाजीतून तर नाहीच. केस बरेचदा आपोआप येतात, बरेचदा औषधानं लवकर येतात, कधी येऊन पुन्हा जातात, आणि काही जणांचे येतच नाहीत. त्यांनी कानावरच्या दोन गोलांत बारीक सुईनं औषध टोचलं आणि महिन्यानं यायला सांगितलं. पहिले केस पांढरे येतील, घाबरू नका, असंही सांगितलं.

सुखराम रक्त द्यायला गेला तेव्हा बाई मला म्हणाल्या, "पीछे जहाँ जला है ना, वहाँ दाग पड़ गया. कानावर केस येतील, पण मागे येतील असं धरून चालू नका." म्हणजे रोगानं मुळं निजवली होती, बिब्ब्यानं जाळून टाकली. हे मी सुखरामला सांगितलं नाही. बसमध्ये तो विचारत होता, "काय म्हनल्या बाई मांगच्याबद्दल?" मी म्हणालो, "येतीन म्हने, थोडा टाइम लागन."

दुकानात येऊन पहिलं काम केलं. बिब्बे खणातून काढून फेकून दिले. दुसरं काम अवघड होतं. शब्द फेकता येत नाही. मी एकेकाला सांगू लागलो की कीड नसते. लोक ऐकून घेत आणि हसत. "केशवभाऊ, तुम्हीच त म्हनले होते," असं म्हणत. बरोबरच होतं. कीड आहे हे सांगताना माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, नाही हे सांगताना कोणाचा बसेना.

तेव्हा मी ठरवलं की मंडईच्या दिवशी माझ्या घरी पंगत घालायची, गावाला बोलवायचं आणि चुलीवर सुखराम. माझी बायको म्हणाली, "कोनी नाही आलं त?" मी म्हणालो, मग आपण दोघं आठ दिवस आलू-वांगं खाऊ. सुखराम आधी तयार होईना. "कायले माझी फजिती करून राहिला गा? उष्टी पत्रावळ फेकावी तसं जेवन फेकतीन लोकं." शेवंताबाईनं त्याचा झारा आणि मोठी पळी घासून दारात ठेवली, तेव्हा तो उठला.

मंडईच्या दिवशी माझं अंगण भरलं. लोक आले, कारण मंडईला घरात कोणी बसत नाही. पत्रावळी मांडल्या, सगळे बसले, भात वाढला, आणि सुखराम डोक्याला दुपट्टा बांधून भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन बाहेर आला. एक जण उठून उभा राहिला. त्याच्या शेजारचाही उठायच्या बेतात होता.

मी पंगतीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. मला भाषण येत नाही. दुकानात बोलतो तसाच बोललो.

"ऐकून घ्या. सुखरामच्या डोक्यात कीड आहे, हे मी म्हनलो होतो. दुकानात, मोठ्यानं, तुमच्यासमोर. ते खोटं होतं. मी कीड कधी पाह्यली नाही. माझ्या बापानंही नाही पाह्यली. त्याच्या डोक्याले जखम झाली ते किडीनं नाही, माझ्या बिब्यानं. त्यानं डॉक्टरापुढं माझं नाव नाही घेतलं, म्हनून आता मी घेऊन राहिलो."

सुखराम गंज हातात धरून तसाच उभा होता. गुरुजी पहिल्याच पत्रावळीवर होते. ते म्हणाले, "मग कीड नाही तर काय आहे, केशव?"

मला डॉक्टरीणबाईंची फौज काही नीट सांगता येईना. मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही धानाच्या राखनीले मानूस ठेवता. डुक्कर आलं म्हनून तो काठी घेऊन धावतो अन् धानच तुडवून ठेवतो. मानूस आपलाच, धान आपलं, डुक्कर कुठीच नाही. तसं आहे हे. शेजाऱ्याच्या बांधीतल्या धानाले त्यानं काही नाही होत."

तेवढ्यात सुखरामनं गंज खाली ठेवला आणि स्वतःच दुपट्टा सोडला. कानावरच्या दोन्ही गोलांत पांढरी शुभ्र लव आली होती. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, हा त म्हातारा झाला." अंगण हसलं. सुखरामही हसला, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. गुरुजींनी पत्रावळीवर भाताचं आळं केलं आणि म्हणाले, "वाढ सुखराम. भात थंडा होऊन राहिला."

उभा राहिलेला माणूस तरीही निघून गेला. त्याच्यामागे अजून काही गेले. बाकीचे जेवले. मीठ बरोबर होतं.

त्या वर्षी सुखरामला लग्नं मिळाली, पण आधीइतकी नाही. पलीकडच्या एका गावानं त्याला पुन्हा कधीच बोलावलं नाही. दोन वर्षांनी त्याच्या दाढीत नवीन गोल पडला, तेव्हा मात्र दुकानात कोणी टॉवेल काढला नाही. गुरुजी पेपरामागून म्हणाले, "राखणदार पुन्हा बिघडला वाटतं." तो गोल औषधाशिवाय भरून आला.

मी त्यानंतर शिकलो. खवले असतील, खाज असेल, केस तुटून भुकटी पडत असेल तर तो नायटा. तो एकाचा दुसऱ्याला होतो, तिथे हत्यारं उकळावी लागतात. गुळगुळीत गोल असेल तर चाई, आणि दोन्हीसाठी डॉक्टर, न्हावी नव्हे. आणि जे काही असेल ते कानात सांगायचं. सगळ्यांचे केस येतात असंही नाही. एका बापानं आपल्या सातवीतल्या मुलीला आणलं होतं. औषध वर्षभर झालं होतं, तरी डोक्यावर ठिकठिकाणी चारच झुपके उरले होते. बाप रडत होता. मुलगी म्हणाली, "काका, अर्धे नोको ठेवू. सगळे काढून टाका." मी इतक्या हळू हातानं वस्तरा कधी चालवला नव्हता. तिचे केस आजही आलेले नाहीत. ती आता नर्स आहे, भेटली की आधी माझ्या पिकलेल्या डोक्याची चौकशी करते.

सुखरामचे केस मात्र भरून आले, काळे आले, फक्त मागचा तो एक गोल सोडून. तिथे चकचकीत, ताणलेली कातडी राहिली. तो माझा गोल. मी त्याची कटिंग करताना वरचे केस बोटभर लांब ठेवायचो आणि ते त्या डागावर बसतील असे विंचरायचो. बारा वर्षं मी त्याच्या मानेमागे आरसा धरला नाही. बाकी सगळ्यांना धरायचो. सुखरामची कटिंग झाली की पटकन कापड झटकायचं, मानेला पावडर लावायची आणि म्हणायचं, "झालं, ऊठ." त्यानं कधी आरसा मागितला नाही. मला वाटायचं, बरं आहे, त्याला आठवत नाही. मंडईत जखमेचं सगळं सांगितलं, पण तिथे केस कधीच येणार नाहीत एवढं एक वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते माझ्या मनात खुपत राहिलं.

या वर्षी माझ्या हाताला थरथर आली. थरथरणाऱ्या हातानं लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरणं बरं नव्हे, म्हणून पोळ्याला दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सुखराम आला. म्हणाला, "शेवटची कटिंग माझी." कैचीनं हळूहळू केली. नेहमीसारखे केस डागावर ओढून विंचरले, कापड झटकलं, आणि म्हणालो, "झालं, ऊठ."

तो उठला नाही.

"आरसा दाखव," तो म्हणाला.

"कायले? चांगली झाली आहे."

"सगळ्यायले दाखवतो. मले काऊन नाही?"

मी छोटा आरसा काढला. धरला, पण हात हलत होता. मोठ्या आरशात त्याचं डोकं नुसतं नाचायला लागलं. सुखरामनं मागे हात करून माझं मनगट घट्ट धरलं. मग दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःच वरचे केस बाजूला केले. तो गोल उघडा पडला. त्यानं नीट पाहिला, मान थोडी वळवून पुन्हा पाहिला.

"येवढासाच होय," तो म्हणाला. "शेवंता त म्हने, चांगला रुपयाएवढा आहे."

"तुले माहीत होतं?"

"ते दर आयतवारी मले तेल लावते. बारा वर्षं झाली. तिले नाही दिसनार का?"

मागची बाजू फक्त न्हाव्याला दिसते, हे मी चाळीस वर्षं खरं मानत आलो होतो. तेल लावणाऱ्या हाताचा मी कधी विचारच केला नाही.

"मंग आरसा कधी काऊन नाही मांगतला?" मी विचारलं.

"तू लपवून राहिला होता ना," सुखराम म्हणाला. "म्हटलं, लपवू दे बिचाऱ्याले." त्यानं माझं मनगट सोडलं. "आता दुकान बंद होऊन राहिलं. आता कायले पाहिजे ते? सरळ विंचर."

मी आरसा ठेवला, फणी घेतली आणि त्याचे केस डागावर न ओढता, जसे होते तसे, सरळ खाली विंचरले.